टेम्पो निघाला, निरोप पोचला का?

सुरतच्या उधन्यातल्या लूमच्या खात्यात टाके (कापडाचे तागे) मोजून झाले, चलान फाटलं आणि टेम्पो गेटबाहेर पडला की पुढचं काम फोनचं असतं. हिशेब लिहिणारे मेहताजी रिंगरोडच्या मार्केटमधल्या पार्टीला कळवतात, मग दलालाला. लागला नाही तर पुन्हा लावतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं या भागात पिढ्यांपासून आहेत, त्यामुळे एकाच खात्यात अहिराणी, हिंदी आणि गुजराती सतत कानावर पडते. अशाच एका खात्यासाठी, माल निघाला की निरोप आपोआप जावा, अशी व्यवस्था आम्ही बांधली.

नुसता संदेश पाठवणं सोपं आहे. सेवा देणारी कंपनी किल्ली देते, थोडा नमुना कोड देते आणि लगेच आपल्या मोबाइलवर ‘हॅलो’ येतं. माझ्या मते बरेच प्रोजेक्ट इथेच बिघडतात. तोच कोड उचलून चलानच्या बटणामागे डकवला जातो. मग समोरच्या कंपनीचा सर्व्हर मंदावला की मेहताजींच्या पडद्यावर चक्र फिरत राहतं आणि भरलेला टेम्पो गेटवर उभा. निरोपापायी माल अडावा, याला काही अर्थ नाही.

म्हणून चलान सेव्ह होताना, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, ‘पाठवायचे निरोप’ या टेबलात फक्त एक ओळ पडते: कोणाला, कशाबद्दल, कुठल्या चलानचं. दोन्ही नोंदी एकदम होतात, नाहीतर एकही होत नाही. मागे चालणारा वेगळा प्रोग्राम सवडीने त्या ओळी उचलतो. इंटरनेट गेलं तर ओळी साचतात. टेम्पो आपल्या वाटेने जातो.

चलान, पार्टी, हिशेब यांच्या कोडमध्ये व्हॉट्सॲपचं नावही सापडणार नाही. त्यांना ‘संदेश’ फोल्डरमधलं एकच फंक्शन ठाऊक आहे. त्या फोल्डरच्या आत प्रत्येक सेवेची वेगळी खोली: नंबरापुढे 91 लावणं, त्यांचे एरर कोड समजून घेणं, सगळं तिथेच. शेजारी एक खोटा पाठवणाराही बसवला आहे. तो निरोप फाइलीत लिहितो आणि गप्प बसतो. चाचण्या त्याच्यावरच चालतात, म्हणजे चाचणीचा निरोप खऱ्या व्यापाऱ्याच्या फोनवर जात नाही. ॲलिस्टर कॉकबर्न यांनी 2005 मध्ये ही मांडणी ‘पोर्ट्स अँड ॲडॅप्टर्स’ म्हणून लिहून ठेवली. सेवा बदलायची वेळ आली की तिची किंमत कळते.

मजकूर मात्र कोडात ठेवू नये, आणि त्याला आपल्याकडे खास कारण आहे. दूरसंचार नियामक ट्रायच्या 2018 च्या नियमांप्रमाणे व्यावसायिक एसएमएससाठी कंपनी, पाठवणाऱ्याचं हेडर आणि मजकुराचा नमुना हे सगळं डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी-यंत्रणेवर, आधी नोंदवावं लागतं. मार्च 2021 मध्ये संदेश नोंदणीशी जुळवून बघण्याची तपासणी कडक झाली तेव्हा देशभर ओटीपी अडकले आणि ट्रायला ती काही दिवस थांबवावी लागली. नोंदवलेल्या मजकुरात मनाने एक शब्द बदलला, तर संदेश वाटेतच गळू शकतो. आमच्याकडे प्रत्येक नमुना स्वतंत्र फाइलीत, नोंदणी क्रमांकासह असतो.

भाषेचा हिशेबही इथेच येतो. इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावतात, देवनागरी किंवा गुजराती आली की 70. त्यात काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात: ‘टाके’ डोळ्यांना दोन अक्षरं, मोजणीत चार. मर्यादा ओलांडली की संदेशाचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला 67 च मिळतात, पैसे मात्र प्रत्येक तुकड्याचे. म्हणून पार्टीचं लांबलचक नाव आम्ही मजकुरातून काढलं. चलान नंबर आणि टाके एवढं पुरतं. व्हॉट्सॲपवर लांबीची अशी अडचण नाही, पण तिथे ग्राहकाच्या शेवटच्या संदेशाला 24 तास उलटले की मंजूर नमुन्याशिवाय काही पाठवता येत नाही.

खरी कसोटी परत येणाऱ्या खबरांची. ‘पोचला’, ‘वाचला’ या खबरा संदेश पाठवणारी सेवा आपल्या वेबहुकवर, म्हणजे त्यासाठी उघडलेल्या पत्त्यावर, टाकते. कधी एकच खबर दोनदा येते, कधी ‘वाचला’ आधी आणि ‘पोचला’ नंतर. वेबहुकने सही तपासायची, खबर जशीच्या तशी साठवायची आणि लगेच ‘मिळालं’ म्हणायचं, विचार नंतर. स्थिती फक्त पुढे सरकते, मागे नाही. टाइमआउट झाला म्हणजे निरोप गेलाच नाही, असंही समजू नये. डोळे झाकून पुन्हा पाठवला तर एकाच चलानचे दोन निरोप जातात आणि पार्टी दोन गाड्यांची वाट बघते. अशी ओळ आम्ही ‘खात्री नाही’ या खुणेने बाजूला ठेवतो. मेहताजी ती बघतात आणि गरज वाटली तर एक फोन करतात.

हे काम घेणाऱ्या प्रत्येकाला माझी एक कळकळीची विनंती आहे. डीएलटीची नोंदणी, व्हॉट्सॲपचा नंबर आणि सगळ्या किल्ल्या शेठच्या फर्मच्या नावावर, फर्मच्याच ईमेलवर काढा. आपल्या स्वतःच्या खात्यावर एकही ठेवू नका. आपण उद्या दुसरं काम धरू; त्यांचा माल रोज निघणार आहे.