उशीवरचा ओला डाग

मामांच्या मानेवर शस्त्रक्रिया होऊन चार दिवस झाले होते. उशीचा अभ्रा बदलताना मामी म्हणाली, "केवढा घाम आलाय यांना!" मीही मान डोलावली. डाग पाण्यासारखा होता, रक्ताचा नव्हता. म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. तो घाम नव्हता, हे दोन दिवसांनी कळले. मी कला शाखेची विद्यार्थिनी. वैद्यकावर लिहिण्याचा मला अधिकार नाही. पण आमच्या अज्ञानाची किंमत मामांनी मोजली, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपला मेंदू आणि कण्यातून खाली उतरणारा मेरुरज्जू एका नितळ द्रवात तरंगत असतात. त्यास मस्तिष्क-मेरुद्रव म्हणतात. इटलीतील वैद्य दोमेनिको कोतुन्यो याने १७६४ साली त्याचे वर्णन केले. प्रौढ माणसात तो सुमारे १५० मिलिलिटर असतो. रोज सुमारे ५०० मिलिलिटर नवा तयार होतो व तितकाच रक्तात शोषला जातो. जवळजवळ १,४०० ग्रॅमचा मेंदू या द्रवात तरंगतो, तेव्हा त्याचा भार पन्नासेक ग्रॅमच उरतो! हा द्रव ज्या पिशवीत असतो, तिच्या बाहेरच्या चिवट पदराचे नाव दृढतानिका.

मामा शिंपी. जन्मभर मान खाली घालून काम केले. मणक्यांचे वाढलेले हाड व जाड झालेले अस्थिबंध मेरुरज्जूवर दाबू लागले, तेव्हा त्यांना सुईत दोरा ओवता येईना, पाय अडखळू लागले. असा दाब काढताना दृढतानिका हाडाला चिकटलेली असेल, तर कुशल हातांखालीही ती फाटू शकते. चीर तेव्हाच दिसली तर टाके घालतात, वर जैविक डिंकाचा लेप देतात. कधी मात्र गळती मागाहून उघड होते.

तिची एक खूण विलक्षण आहे. उठून बसले की डोके फुटेलसे दुखते. आडवे झाले की थांबते. द्रव कमी झाल्याने मेंदूचा आधार जातो, तो किंचित खाली ओढला जातो आणि आवरणांना ताण बसतो. जर्मन शल्यविशारद आउगुस्ट बीअर याने १८९८ मध्ये पाठीत सुई घालून बधिरीकरणाचा प्रयोग स्वतःवर करवून घेतला. त्या खटपटीत त्याचा बराच द्रव वाहून गेला. पुढे नऊ दिवस त्याला याच डोकेदुखीने अंथरुणाला खिळवले. मामाही "बसवू नका रे मला" म्हणत होते. आम्ही त्याला अशक्तपणा समजलो.

डोकेदुखीहून मोठे भय निराळेच. जिथून द्रव बाहेर येतो, तिथून जंतू आत जाऊ शकतात आणि मेंदूच्या आवरणांना सूज येते. शिवाय द्रव त्वचेखाली साठून गाठ होते, जखम भरत नाही. शस्त्रक्रिया गळ्याच्या बाजूने झाली असेल, तर साठलेल्या द्रवाने गिळणे, क्वचित श्वास घेणेही कठीण होते.

सहाव्या दिवशी मामांना ताप भरला, मान ताठरली. तेव्हा कुठे मामीने ओल्या अभ्र्याची गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी लगेच तो द्रव तपासायला पाठवला. बीटा-२ ट्रान्सफेरिन हे प्रथिन सापडले, की तो घाम नव्हे हे ठरते. मग प्रतिजैविके सुरू झाली. कमरेत बारीक नळी बसवून द्रव थोडा थोडा काढू लागले, म्हणजे मानेतल्या चिरेवरचा दाब कमी होऊन ती मिटावी. खाटेची डोक्याकडची बाजूही उंच केली. आम्हाला हे उलटेच वाटले; बसले की दुखते, मग बसवायचे कशाला? पण डोके वर असले की द्रवाचा दाब कमरेकडे वाढतो व मानेत उतरतो. गळती कमरेत असती, तर सपाट निजवले असते. दुखणे सोसूनच चीर भरू द्यायची होती. काहींना पुन्हा शस्त्रक्रियाही लागते. मामांना ती लागली नाही.

मामा आता घरी आहेत, हळूहळू सुईत दोरा ओवतात. मामी मात्र अजून स्वतःला दोष देते. मी तिला सांगते, आपल्याला कुणी सांगितलेच नव्हते. वाचकहो, तुम्हाला आता सांगितले आहे. मानेच्या शस्त्रक्रियेनंतर पट्टीवर वा उशीवर नितळ ओल दिसली, तर अभ्रा धुवायला टाकू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.