न्यायाधीशाने गावी जावे

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण सहज म्हणतो. डोळखांब, टोकावडे परिसरातील पाड्यांवरून शहापूर, मुरबाडच्या न्यायालयांत तारखेस निघणाऱ्या मजुराची ही पायरी एस.टी.च्या थांब्यापासूनच सुरू होते. ‘पुढील तारीख’ एवढे ऐकण्यात त्याचा दिवसाचा रोज बुडतो. वास्तविक थकलेली मजुरी, विहिरीचे पाणी, सामाईक चराई अशा तंट्यांसाठी 2008 चा ग्रामन्यायालय अधिनियम झाला. न्यायाधिकाऱ्याने ठरावीक काळाने गावोगाव जावे, दावा 6 महिन्यांत निकाली काढावा, अशी त्यात तरतूद आहे. हेतू उदात्त खराच! परंतु ही न्यायालये राज्य सरकारने स्थापलीच पाहिजेत, असे अधिनियम म्हणत नाही. स्थापता येतील, एवढेच म्हणतो. न्यायाधिकारी पाड्यापर्यंत यावा, ही मागणी आता दोन्ही तालुक्यांतील वकीलमंडळींनी व पंचायत समित्यांनीच लावून धरावयास हवी.