भाड्याची वही पाहून एजंट निवडा

गावाकडे एखादा फ्लॅट घेऊन ठेवावा, भाडं येत राहील, पुढेमागे आपल्यालाही उपयोगी पडेल, हा विचार मुंबई-पनवेलला नोकरी करणाऱ्या महाड-पोलादपूरकडच्या अनेक घरांत होतो. तो उगाच होत नाही. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. तिथे बाहेरगावचे केमिस्ट, इंजिनीअर, ठेकेदारांचे कामगार सतत येत-जात असतात. शिवाय बदलीवर आलेले बँकवाले, सरकारी कचेऱ्यांतले कर्मचारी, शिक्षक आहेतच. म्हणजे भाडेकरूंची वानवा नाही. अडचण पुढे सुरू होते. मालक मुंबईत, फ्लॅट महाडात आणि मधला सगळा व्यवहार एजंटाच्या हाती. हा एजंट निवडताना आपण दोनच गोष्टी विचारतो: माणूस ओळखीचा आहे का, आणि दलाली किती घेतो? स्वतः राहण्यासाठी घर घेणाऱ्याला त्या एक वेळ पुरतील. भाड्यासाठी घेणाऱ्याने मात्र एजंटाने किती फ्लॅट विकले हे सोडून किती भाड्याने लावले आणि त्यांतले किती आजही भरलेले आहेत, हे पाहायला हवं.

यामागचा हिशेब साधा आहे. निव्वळ उदाहरण म्हणून समजा, फ्लॅट 25 लाखांचा आणि भाडं महिना 7 हजार. वर्षाला 84 हजार झाले. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी, भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा एखादा महिना आणि किरकोळ दुरुस्ती वजा केली की हातात साधारण 60 हजार उरतात. म्हणजे 25 लाखांवर अडीच टक्क्यांनाही थोडं कमीच. गृहकर्जाचं व्याज याच्या दुपटीहून जास्त असतं, हे लक्षात घेतलं की अशा खरेदीत चुकीला किती कमी जागा आहे ते कळतं. आता एजंटाची बाजू पाहू. दोन टक्के दलाली धरली तर त्याला खरेदीदाराकडून 50 हजार मिळतात, विकणाऱ्याकडूनही घेतले तर लाख. तोच फ्लॅट भाड्याने लावून दिला तर एका महिन्याचं भाडं, म्हणजे 7 हजार. भाव लाखभर खाली आणण्यासाठी तो महिनाभर झटला, तर तुमचा लाख वाचतो आणि त्याची दलाली मात्र दोन-चार हजारांनी घटते; वर व्यवहार फिसकटण्याची धास्ती. म्हणून विक्रीवर जगणारा एजंट तुमच्यासाठी भाव फार ताणून धरत नाही. यात लबाडी असेलच असं नाही, त्याच्या पोटाचं गणितच तसं आहे. भाड्याच्या व्यवहारांवर ज्याचं दुकान चालतं, त्याला मात्र कुठला फ्लॅट रिकामा राहतो आणि का राहतो, हे रोजच्या रोज कळत असतं. विकत घेणाऱ्याला हवी असते ती हीच माहिती, आणि ती कुठल्याही जाहिरातीत छापलेली नसते.

यावर कुणी म्हणेल, आता रेरा कायदा आहे, नोंदणीकृत एजंट पाहिला की झालं. 2016 च्या या कायद्याने आणि 2017 मध्ये सुरू झालेल्या महारेराने एजंटाला नोंदणी, हिशेबाच्या वह्या आणि खोटी माहिती न देण्याचं बंधन घातलं, हे खरंच आहे. नोंदणी क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर घरबसल्या तपासता येतो आणि तो जरूर तपासावा. पण या कायद्याचा एजंटावरचा अंमल मुख्यतः नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीपुरता आहे. 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या इमारतींना नोंदणीची सक्ती नाही, आणि कायदा लागू होण्याआधी पूर्ण झालेल्या इमारतीही तिच्यातून सुटल्या. महाडसारख्या गावात भाड्यासाठी परवडणारे फ्लॅट बहुधा याच जुन्या किंवा लहान इमारतींत सापडतात. म्हणजे जिथे तुम्हाला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, तिथेच कायद्याचा हात तोकडा पडतो. 24 ऑगस्ट 2020 च्या संध्याकाळी महाडच्या काजळपुरा भागातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून 16 माणसं गेली. इमारत काही पडीक, जुनाट नव्हती. वय सुमारे दहा वर्षं. गुन्हा दाखल झाला तो बिल्डर, वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार आणि नगर परिषदेशी संबंधित लोकांवर. इमारतीच्या पक्केपणाबद्दल एजंट उद्या उत्तर द्यायला बांधील नसतो, हे यातून ध्यानात घ्यावं. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र नगर परिषदेतून, सूची क्रमांक दोन (व्यवहाराच्या नोंदणीचा उतारा) दुय्यम निबंधकांकडून, सर्च रिपोर्ट स्वतः नेमलेल्या वकिलाकडून आणि इमारतीबद्दल एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनीअरचं मत. ही कामं एजंटावर सोपवू नयेत, आणि एजंटाने सुचवलेल्या वकिलावर तर नाहीच.

एजंटाचं खरं मोल दुसरीकडे आहे, आणि महाडमध्ये ते पाण्याच्या पातळीवर मोजता येतं. 22 जुलै 2021 ला सावित्री आणि गांधारीच्या पुराने शहर बुडालं, बाजारपेठेत काही ठिकाणी पाणी वरच्या मजल्याला टेकलं. जुलै 2005 चा पूरही लोक विसरलेले नाहीत. सरकारी नकाशावर निळी आणि लाल पूररेषा असते: निळी साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ती जरूर पाहावी. पण एखाद्या इमारतीत विजेचे मीटर किती उंचीवर आहेत, पाण्याच्या टाकीत गाळ गेला होता का, पूर ओसरल्यावर लाइट किती दिवसांनी आली आणि कुठल्या मजल्यावरचे भाडेकरू त्या वर्षी सोडून गेले, हे नकाशा सांगत नाही. विकणारा एजंट म्हणेल, "खाली पार्किंग आहे, घरात पाणी यायचा प्रश्नच नाही." भाड्याने देणाऱ्याला मात्र ठाऊक असतं, की गाडी बुडालेला भाडेकरू पुढच्या पावसाळ्याआधीच दुसरी जागा शोधतो. कारखान्याच्या पाळीवर जाणारा माणूस शहरातला मोठा फ्लॅट सोडून बिरवाडी किंवा नांगलवाडीकडची साधी खोली का पसंत करतो, कंपनीची गाडी कुठून सुटते, बॅचलर मुलांना कुठली सोसायटी नाकारते, ही सगळी माहिती भाड्याने देणाऱ्या एजंटाच्या वहीत आणि फोनमध्ये असते. ती खरेदीआधी मिळाली तर दलाली फिटते. खरेदीनंतर मिळाली तर ती नुसती हळहळ.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हाळ्याचा आहे: एजंट हवाच कशाला, गावात चुलतभाऊ आहे, मामा आहेत. नात्यातला माणूस फ्लॅट दाखवेल, किल्लीही सांभाळेल. पण भाडं थकलं की त्याला भाडेकरूच्या दारात उभं राहावं लागतं, आणि हिशेब विचारायचा तर तुम्हालाच संकोच वाटतो. पैसे घेऊन काम करणाऱ्याला जाब विचारता येतो, ही सोय लहान समजू नये. तिसरा आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. दर नव्या भाडेकरूमागे महिन्याचं भाडं घेणाऱ्या एजंटाचा फायदा भाडेकरू वारंवार बदलण्यातच नाही का? आहे. म्हणूनच मोबदल्याची बांधणी बदलावी. नवा भाडेकरू आणल्याबद्दल कमी आणि तोच भाडेकरू टिकून करार वाढला तर वेगळी रक्कम, असं लेखी ठरवावं. खरेदीच्या दलालीचाही थोडा भाग पहिला भाडेकरू राहायला येईपर्यंत राखून ठेवावा. ज्याला आपल्या शब्दाची खात्री आहे तो कुरकुरत का होईना, मान्य करतो.

करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. 11 महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही हा समज इकडे घट्ट आहे, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे तो चुकीचा आहे. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. करार नोंदवला नाही तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. ही नोंदणी आता ऑनलाइन होते. "स्टँपपेपरवर नोटरी केलं की पुरे," असं सांगणारा एजंट तुमचे दोन-तीन हजार वाचवत नाही, तुमची बाजू लंगडी करून ठेवतो.

पोलादपूरची गोष्ट वेगळी आहे. तिथे भाड्याचा बाजारच एवढा छोटा आहे, की नुसत्या भाड्याच्या व्यवहारांवर एजंटाचं दुकान चालणं कठीण. तिथे भेटतात ते बहुतेक जमिनीचे एजंट, आणि त्यांचा माल म्हणजे महाबळेश्वरच्या पायथ्याशी फार्महाऊसचं स्वप्न. ती जमीन शेतीची असेल तर शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय घेता येत नाही. त्यात तुकडेबंदी (ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा विकण्यावरची बंदी), भोगवटादार वर्ग दोन (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असे अडसर निघतात. आणि 22 जुलै 2021 ला याच तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीवर दरड कोसळली, हे उताराची जागा घेणाऱ्याने विसरू नये. महामार्गालगतच्या गाळ्यांचीही पूर्वीसारखी खात्री देता येत नाही. चौपदरी रस्ता आणि कशेडीचा बोगदा झाल्यावर घाटाआधी चहाला थांबायचं कारणच उरलेलं नाही. भाड्याच्या उत्पन्नासाठी आज पोलादपुरात जागा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. स्वतःच्या वापरासाठी घेणाऱ्यांचा प्रश्न निराळा.

महाडमध्ये घ्यायचीच असेल तर टोकन देण्याआधी एजंटाकडे, भाडेकरूंची नावं झाकून का होईना, त्याने गेल्या तीन वर्षांत नोंदवलेले भाडेकरार पाहायला मागा. दाखवायला नसतील तर त्याचे आभार माना आणि दुसऱ्या एजंटाकडे जा.