कर्णोपकर्णी

प्रेमात फसवणूक व्हावी, हे दुःख मोठेच. परंतु ती आपल्याला तिऱ्हाइताच्या तोंडून कळावी, हे त्याहून बोचरे. या दुसऱ्या दुःखावर रचलेल्या एका गीताने साठीच्या दशकात अमेरिकेला डोलविले. ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ हे ते गीत. ग्रेपव्हाइन म्हणजे द्राक्षवेल. पण तारायंत्राच्या काळापासून त्या देशात हा शब्द कर्णोपकर्णी पसरणाऱ्या वार्तेसाठी रूढ आहे.

हे गीत डेट्रॉइटचे. मोटारींच्या कारखान्यांच्या या शहरात दक्षिणेकडील खेडी सोडून असंख्य कृष्णवर्णीय कुटुंबे पोटासाठी आली. तेथेच, एकेकाळी मोटारीच्या कारखान्यात राबलेल्या बेरी गॉर्डी यांनी १९५९ साली ध्वनिमुद्रिकांची संस्था काढली. तीच पुढे ‘मोटाउन’ म्हणून गाजली. चर्चमधील भक्तिगीतांचा आर्त स्वर आणि पावलांना स्वस्थ बसू न देणारा ठेका यांच्या मिलाफातून तिचे ‘सोल’ संगीत घडले.

नॉर्मन व्हिटफील्ड व बॅरेट स्ट्राँग यांनी १९६६ मध्ये रचलेले हे गीत ग्लॅडिस नाइट यांच्या द्रुत लयीतील स्वरात १९६७ साली लोकांपुढे आले. त्यांची नायिका रडत बसत नाही. नाचाच्या ठेक्यावरच प्रियकराला जाब विचारते. मार्व्हिन गे यांनी तेच गीत संथ लयीत, आपल्या नेहमीच्या पट्टीहून चढ्या स्वरात गायिले. त्यातील पुरुष जाब विचारता विचारता खचत जातो. गॉर्डी यांना हे ध्वनिमुद्रण आधी रुचले नव्हते. तरीही १९६८ च्या अखेरीस त्याची तबकडी निघाली आणि सलग ७ आठवडे तिकडील लोकप्रिय गीतांच्या यादीत अग्रस्थानी राहिली.

मराठी रसिकांना हा भाव परका नाही. सुलोचना चव्हाण यांनी गायिलेल्या ‘कसं काय पाटील’ या लावणीतील नायिकाही आधी क्षेमकुशल विचारते आणि मग कानावर आलेल्या गोष्टीचा खुलासा थेट पाटलांकडेच मागते.

सुरतेतील आपल्या समाजाला तर हा अनुभव घरचाच. यंत्रमागांच्या ओढीने खानदेशातून आलेल्या कुटुंबांनी उधना, लिंबायत हे भाग गजबजले. कित्येक घरांत कर्ता पुरुष आधी आला, पत्नी मागाहून. मधल्या काळात नंदुरबार, अमळनेरकडून येणाऱ्या ताप्ती मार्गाच्या गाडीतून माणसांबरोबर बोलवाही येत. कुणाचे इकडे कुणाशी जमले, तिकडे कुणाचे मन उडाले! त्यात खरे किती आणि केवळ जळाऊपणाचे किती, हे ऐकणाऱ्याने कसे पारखावे? अशा कुजबुजीने निर्दोष संसारही पोळतात.

म्हणूनच या दोन्ही गीतांतील नायिकांचे वागणे मोलाचे वाटते. ऐकीव गोष्ट मनात कुढत न ठेवता त्या संबंधित माणसालाच विचारतात. अमेरिकन गीतातील खरी तक्रार आणखी पुढे जाते. मन पालटलेच असेल, तर निदान ते तू स्वतः येऊन सांगायचे होतेस, असे ते सुचविते. प्रेम टिकविणे प्रत्येकाच्या हाती नसेल. एवढा प्रामाणिकपणा मात्र खचितच असतो.