बी नाही, तर नवा वाण कुठून?
(बिनबियांची फळं : लेखांक सातवा)

या वेळी जीएच्या (जिबरेलिक ॲसिडच्या) द्रावणात घड बुडवण्याबद्दल, म्हणजे डिपिंगबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. पण पलूसच्या एका बागायतदारांनी मध्येच पाचर मारली. ते विचारतात, ‘‘काडी आणून कलम भरलं की वेल जशीच्या तशी येते, हे पटलं. पण थॉमसन द्राक्षाला बीच नाही, तर त्यातून नवी जात निघते कशी?’’ प्रश्न बिनतोड आहे, तेव्हा डिपिंग पुढच्या आठवड्यात.

थॉमसनचा एक पिकलेला मणी घ्या आणि ब्लेडने उभा चिरा. गरात एखाददुसरा मऊ, फिकट कण सापडेल. खाताना तो दाताला लागतही नाही. हे अर्धवट राहिलेलं बी. फुलात परागीभवन होतं, फलन होतं, गर्भही धरतो. पण कवच टणक होण्याआधीच त्याची वाढ खुंटते. मणी मात्र फुगत राहतो. केळ्यात फलनाशिवायच फळ धरतं. द्राक्षाचा मामला असा वेगळा आहे.

थॉमसनचे परागकण मात्र धडधाकट असतात. म्हणून पैदासकारांची जुनी रीत ठरलेली : आई बियांची, बाप बिनबियांचा. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची ‘अर्कावती’ अशीच जन्मली. आई ब्लॅक चंपा, बाप थॉमसन. या रीतीत वेळ फार जातो. बी रुजवा, वेल मांडवावर चढवा, काही वर्षांनी पहिला घड आला की मणी चिरून बघा. आणि निम्म्याहून जास्त वेलींत बी निघतं!

आईसुद्धा बिनबियांची घेतली तर? गर्भ धरेल, पण मरेल. मग मरायच्या आत त्याला बाहेर काढायचं. कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला अमेरिकी कृषी खात्याच्या केंद्रात डेव्हिड रॅमिंग आणि रिचर्ड एमरशॅड यांनी 1982 साली ही वाट दाखवली. फलनानंतर काही आठवड्यांनी हिरवा मणी निर्जंतुक करून चिरतात, त्यातलं कोवळं बीजांड चिमट्याने उचलून काचेच्या नळीत साखर आणि क्षार घातलेल्या जेलीवर ठेवतात. दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ पेटीत ठेवतात, तसंच हे. गर्भ तगला की रोप होतं, आणि अशा रोपांत बिनबियांचं प्रमाण बरंच जास्त मिळतं.

आपल्या शेतकऱ्यांनी मात्र ना बी रुजवलं, ना नळी हातात घेतली. त्यांनी नजर वापरली. वेलीच्या एखाद्या डोळ्यात आपसूक बदल होतो आणि त्यातून फुटलेल्या काडीवर वेगळे मणी लागतात. तासगावजवळच्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमधून ‘तास-ए-गणेश’ निवडली. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी लांब मण्यांची ‘सोनाका’. निवडलेल्या काडीचं डॉगरीजच्या खुंटावर कलम भरलं, की नवी जात तयार!

या वाटेला एक मर्यादा आहे. डोळ्यातल्या बदलाने मण्याची लांबी, रंग, गोडी बदलते. रक्त थॉमसनचंच राहतं. म्हणून डावणीचा रोग आला की या सगळ्या बहिणी एकदमच आजारी पडतात. खुंट अमेरिकी वंशाचा असला तरी पानं वरच्या काडीचीच ना! रोगाला दाद न देणारं रक्त वर आणायचं तर संकरच हवा, आणि बी नको असेल तर नळीतला गर्भही.

तोवर पलूसकरांनी एवढं करावं. मांडवाखाली वेगळा घड दिसला, तर आधी काडीला रंगीत सुतळी बांधावी आणि एप्रिल छाटणीत ती काडी जपावी. खत, पाणी, जीए यांमुळेही मणी लांबतात. पुढच्या दोन-तीन हंगामांत त्याच काडीच्या फुटव्यांवर तोच गुण दिसला, तरच कलम भरावं. जीएमुळे मणी किती लांबतात आणि डोळा कसा फसतो, ते पुढच्या आठवड्यात, नक्की.