पाठचा भाऊ

भाऊबीज भावाबहिणीची, राखीपौर्णिमाही त्यांचीच. पाडवा नवराबायकोचा, पोळा बैलांचा, नागपंचमी नागोबाची. सणांच्या एवढ्या गर्दीत भावाने भावाला ओवाळावे असा एकही सण आपल्या वाडवडिलांना सुचू नये, हे मला सहज घडलेले वाटत नाही. सण लावून देणारे लोक शहाणे होते. एकाच्या हातात पेटते निरांजन देऊन दोन भावांना समोरासमोर उभे करणे त्यांना जोखमीचे वाटले असावे.

भाषेनेही या नात्याविषयीचे आपले मत फारसे लपवून ठेवलेले नाही. 'बंधुभाव' हा शब्द सभेत वापरायचा, हारतुऱ्यांच्या वेळी. रोजच्या व्यवहारातला शब्द 'भाऊबंदकी'. त्याची फोड करून पाहावी तर त्यात भाऊ आहेत, बंद आहेत, भांडण कुठेच नाही. पण तो नुसता उच्चारला की शेताचा बांध, सरकारी मोजणी आणि कोर्टाची तारीख डोळ्यांपुढे उभी राहते. नारायणराव पेशव्यांच्या खुनावर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी नाटक लिहिले, त्यात वैर होते चुलत्या-पुतण्याचे. तरी त्यांनी नाटकाला नाव दिले ते 'भाऊबंदकी' हेच.

मोठ्यांच्या भाऊबंदकीवर पुष्कळ लिहून झाले आहे. तिचे जे बालरूप घराघरांत रांगत असते त्याच्याकडे मात्र आपण कौतुकाने पाहून हसतो आणि विसरून जातो. मला सांगायचे आहे ते सहावी-सातवी-आठवीतल्या त्या मुलाविषयी, ज्याच्या आधी दोन-तीन वर्षे त्याचा भाऊ या जगात येऊन सगळ्या चांगल्या जागा धरून बसला आहे.

या मुलाची स्थिती मोठी चमत्कारिक असते. त्याच्या वाट्याला पहिलेपणा असा येतच नाही. शाळेचा पहिला दिवस घराने एकदा साजरा केलेला असतो. सायकल येते ती जुनी, सदरा येतो तो कोपरावर विरलेला, दप्तराचा बंद आईने एकदा शिवलेला. पुस्तके येतात त्यांत गाळलेल्या जागा आधीच भरलेल्या आणि त्याही बरोबर! बालभारतीने अभ्यासक्रम बदलला की पालक कपाळाला हात लावतात. पण त्या वर्षी महाराष्ट्रातले किती धाकटे कोऱ्या पुस्तकाचा वास घेऊन धन्य होत असतील, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

वस्तूंचे एक वेळ चालेल. शाळेत पहिल्याच तासाला मास्तर हजेरीपटावरून मान वर करून विचारतात, "अरे, तू अमक्याचा भाऊ ना?" मास्तरांच्या मनात माया असते. पण त्या क्षणी वर्गात एक नवा मुलगा बसलेला असतो तो नाहीसा होतो आणि त्याच्या जागी एक जुनी आठवण येऊन बसते. पुढे वर्षभर त्याची गाठ या आठवणीशी.

नात्यांच्या शब्दांतही हा पक्षपात आहेच. 'वडील' म्हणजे बाप आणि 'वडील भाऊ' म्हणजे थोरला. एकाच शब्दात बापाचा निम्मा अधिकार थोरल्याला फुकट मिळाला. 'दादा' हा शब्द तर घरातून निघून नाक्यावर गेला आणि तिथे त्याची दादागिरी झाली. आणि 'धाकटा'! यात 'धाक' आहे असे मला लहानपणापासून वाटत आले आहे. व्युत्पत्तिकारांना ते मुळीच मान्य होणार नाही, पण जगातल्या धाकट्यांचा कौल घेतला तर माझीच सरशी होईल. गंमत अशी की आपल्या मिताक्षरा कायद्यात भावाभावांचा वाटा सारखा. जमिनीत दोघे समान; असमानता सारी जेवणाच्या पानावर, गाडीतल्या खिडकीच्या जागेवर आणि पाहुण्यांच्या तोंडी.

मानसशास्त्रज्ञांपैकी हे दुःख आतून ओळखणारा म्हणजे आल्फ्रेड अॅडलर. १८७० साली व्हिएन्नाजवळ जन्मलेला हा मुलगा घरातला दुसरा. थोरल्याचे नाव सिग्मंड. आल्फ्रेडला मुडदूस झालेला. आपल्या अगदी पहिल्या आठवणींपैकी एक त्याने नोंदवली आहे: आपण पट्ट्या बांधलेल्या अवस्थेत बाकावर बसलो आहोत आणि समोर धडधाकट थोरला भाऊ उड्या मारतो आहे. दुसरे मूल सदैव शर्यतीत असल्यासारखे वागते, असे पुढे अॅडलरने प्रतिपादन केले, तेव्हा तो बाक त्याच्या डोळ्यांपुढे नसेल असे कोण म्हणेल? अलीकडच्या संशोधकांनी मात्र या मताला बरीच कात्री लावली आहे. २०१५ साली अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनी या तीन देशांतल्या सुमारे वीस हजार लोकांची माहिती तपासली गेली, तेव्हा जन्मक्रमाचा प्रौढपणीच्या स्वभावावर म्हणावा असा ठसा आढळला नाही. चांगली गोष्ट आहे. पण बारा वर्षांच्या मुलाला तीस वर्षांनंतरच्या निर्वाळ्याचा काय उपयोग? बाराव्या वर्षी तीन वर्षे म्हणजे त्याच्या आयुष्याचा चौथा हिस्सा. थोरल्याचा आवाज फुटला आहे, ओठावर लव आली आहे, घराची किल्ली त्याच्या खिशात आहे. आणि हा कितीही धावला तरी दर वाढदिवसाला अंतर तेच!

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातली गोष्ट सांगतो. २०१९ साल असावे. थोरला अकरावीत, धाकटा आठवीत. त्या काळात शिष्यवृत्तीची परीक्षा पाचवीला आणि आठवीला होत असे. थोरल्याने ती दोन्ही वेळा मिळवलेली, शाळेच्या फळ्यावर रंगाने लिहिलेले त्याचे नाव अजून ताजे. धाकट्याचे गणित तर फारच चांगले. संध्याकाळी गॅलरीत उभा राहून तो माझ्याशी तोंडी हिशेबांच्या पैजा लावी आणि मी मराठीचा मास्तर असल्यामुळे हरत असे. असा हा मुलगा एके दिवशी घरी येऊन म्हणाला, मी परीक्षेचा फॉर्म भरणार नाही.

वडील संतापले, आई रडली, मास्तरांचा निरोप आला. शेवटी मला मध्यस्थ नेमण्यात आले. मी त्याला विचारले, "का रे, अभ्यासाचा कंटाळा आला?"

"नाही काका."

"मग नापास होण्याची भीती?"

तो बराच वेळ गॅलरीच्या गजाला नखाने खरवडत राहिला. मग म्हणाला, "शिष्यवृत्ती मिळाली तर सगळे म्हणणार, दादाचाच भाऊ. नाही मिळाली तर म्हणणार, दादासारखा नाही. दोन्हीकडून दादाच. मग मी बसू कशाला?"

इतकी वर्षे तर्कशुद्ध निबंध कसा लिहावा हे मी मुलांना शिकवत आलो. या चार वाक्यांत कुठे बोट ठेवावे ते मला कळेना.

मी थोरल्याला गाठले. मला वाटले होते, तो खांदे उडवील. तो म्हणाला, "काका, गणितात तो माझ्या पुढे आहे. मी तीन वर्षे आधी जन्मलो म्हणून बरे. एका वर्गात असतो तर माझे काही खरे नव्हते."

"हे त्याला सांगितलेस कधी?"

"छे! त्याला कशाला सांगायचे?"

फॉर्मची मुदत टळली. धाकटा परीक्षेला बसला नाही. दहावीनंतर त्याने गणिताचे नावच टाकले. आता तो दुसरे काही करतो, बरे करतो. पण गॅलरीतल्या त्या पैजा बंद झाल्या त्या कायमच्या.

तेव्हापासून मी कला शाखेच्या नव्या मुलांना इकडे का आलात असे विचारतो, तेव्हा उत्तरे जरा निराळ्या कानांनी ऐकतो. कुणी आवडीने आलेला असतो, कुणी गुण कमी पडले म्हणून. पण एखादा अगदी सहज सांगतो, "सायन्स दादाने घेतलंय." जणू घराला शिधापत्रिकेवर एकच सायन्स मिळते आणि ते पहिल्याने उचलले! त्यांतल्या काहींचे आमच्याकडे उत्तम चालते, हेही सांगितले पाहिजे. तरी दुसऱ्याची जागा सोडून उरलेल्या जागेत उभा राहणारा मुलगा चालीवरून ओळखू येतो.

थोरल्याची बाजू कुणी मांडत नाही, ती प्रेमचंदांनी मांडली. त्यांच्या 'बडे भाई साहब' या कथेतला थोरला पाच वर्षांनी मोठा, पण वर्गाने फक्त तीन यत्ता पुढे. तो नापास होत जातो, धाकटा पास होत जातो, आणि अंतर एका यत्तेवर येऊन ठेपते. तरी थोरल्याचे उपदेश चालूच. शेवटी एक कटलेला पतंग येतो आणि हा गंभीर गृहस्थ उडी मारून दोर पकडतो व वसतिगृहाकडे धूम ठोकतो. त्या बिचाऱ्यालाही मूल व्हायचे होते. त्याच्यावर वडीलपणाची पाटी लावून ठेवली होती एवढेच. दोन्ही मुलांना घरातल्या मोठ्यांनी नेमून दिलेल्या भूमिका अशा अंगाला घट्ट बसतात.

अंतर दहा वर्षांचे झाले की नात्याची तऱ्हाच बदलते. मग थोरला शर्यतीत नसतो, तो कडेला उभा राहून घड्याळ धरतो. सचिन तेंडुलकरला लहानपणी शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांकडे नेले ते त्याच्याहून सुमारे अकरा वर्षांनी मोठ्या असलेल्या अजितने. आचरेकरांसमोर मुलगा बावरला, तेव्हा जरा दूर जाऊन, त्याच्या नकळत पाहा, अशी विनंती करणाराही अजितच. अजित स्वतः खेळाडू होता, हे विसरू नये.

हे दोघे एकमेकांविरुद्ध आयुष्यात एकदाच खेळले. वांद्र्याच्या एम.आय.जी. क्लबावर सिंगल विकेट स्पर्धा होती. वेगवेगळ्या गटांतून येऊन उपांत्य सामन्यात भाऊच समोर आले. २०१८ साली त्याच क्लबावरच्या एका समारंभात सचिनने ती हकिगत सांगितली. दोघांपैकी कुणालाच जिंकायचे नव्हते. अजित मुद्दाम नोबॉल आणि वाइड टाकू लागला. सचिन नुसते चेंडू अडवू लागला. असे काही वेळ चालले. अखेर अजितने धाकट्याकडे एक करडी नजर टाकली, नीट खेळ अशी. थोरल्या भावाची आज्ञा! सचिनने मुकाट्याने ती पाळली आणि तो अंतिम सामन्यात गेला.