चतुर पंडिताचे दप्तर

ज्या घरी एखादी मुलगी गाणे शिकते त्या घरी पेटीच्या शेजारी एक वही असतेच. आणि त्या वहीत ज्या स्वराखाली आडवी रेघ तो कोमल, ज्या मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ तो तीव्र, ज्याच्या पायाशी टिंब तो मंद्र सप्तकातला आणि ज्याच्या माथ्यावर टिंब तो तार सप्तकातला, समेला फुली आणि कालाला शून्य, हा सारा संकेत ती मुलगी इतक्या सहजपणे वाचीत असते, की हे कोणी तरी एकदा बसून ठरविले असेल अशी शंकाही तिच्या मनाला शिवत नाही. ठरविणारे गृहस्थ पेशाने गवई नव्हते. ते मुंबईचे वकील होते. आणि वकिली सोडून संगीताकडे वळताना आपली वकिली बुद्धी त्यांनी कचेरीत ठेवून न येता बरोबर आणली, यातच त्यांच्या कर्तृत्वाचे आणि त्यांच्या काही दोषांचेही मर्म आहे असे मला वाटते.

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म मुंबईस वाळकेश्वरी १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी झाला. लहानपणी बासरी, पुढे सतार, अशी त्यांची आवड वाढत गेली. १८८४ च्या सुमारास ते पारशी गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाले. पारशी शेटसावकारांनी हौसेने चालविलेल्या या संस्थेत रावजीबुवा बेलबागकरांसारख्या ध्रुपदियांकडून आणि ख्यालियांकडून शेकडो चिजा त्यांनी कंठगत केल्या. दरम्यान १८८५ साली ते बी. ए. झाले, १८८७ साली एल्एल. बी. झाले, काही काळ कराचीस वकिलीही केली. मुंबईत परतल्यावर व्यवसायाचा जम बसत असता, विसाव्या शतकाच्या आरंभी, थोड्या वर्षांच्या अंतराने पत्नी आणि एकुलती कन्या दोघीही निवर्तल्या. त्यानंतर संसाराचा पाश असा उरलाच नाही, आणि अशिलांची कामे हळूहळू बाजूला सारून हा मनुष्य एका अशा दाव्याच्या मागे लागला, ज्यात वादी कोण, प्रतिवादी कोण आणि निकाल देणार कोण, यांतले काहीच ठरलेले नव्हते.

तो दावा असा. एका बाजूला भरताच्या नाट्यशास्त्रापासून तेराव्या शतकात आपल्या देवगिरीस यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने रचिलेल्या संगीतरत्नाकरापर्यंत ग्रंथांची थोर परंपरा होती. ते ग्रंथ शास्त्रीमंडळींना मुखोद्गत असत, पण त्यांतला एकही राग त्यांतल्या कोणास गाऊन दाखविता येत नसे. दुसऱ्या बाजूला दरबारोदरबारीचे उस्ताद होते. त्यांच्या गळ्यात राग मूर्तिमंत उभे असत, पण अमुक स्वर का घ्यावा आणि तमुक का वर्ज्य करावा असे विचारले असता घराण्याची चाल यापलीकडे बहुधा उत्तर मिळत नसे. मध्ये सहा पुरुष राग, त्यांच्या प्रत्येकी पाच-सहा भार्या, आणि पुढे पुत्र व स्नुषा असा एक कुटुंबविस्तार मांडलेला होता. परंतु कोणती रागिणी कोणत्या रागाच्या घरी नांदते याविषयी दोन पोथ्यांचे एकमत नसल्यामुळे तो विस्तार वंशावळीपेक्षा भाऊबंदकीच्या खटल्यासारखाच अधिक दिसे.

वकील काय करील? तो साक्षीपुरावा गोळा करील. भातखंडे १९०४ साली दक्षिणेत उतरले. मद्रास, तंजावर करीत एट्टयपुरम् येथे वृद्ध सुब्बराम दीक्षितांना भेटले. आणि सतराव्या शतकातील व्यंकटमखीच्या चतुर्दंडिप्रकाशिका या ग्रंथाचा त्यांना लाभ झाला. या ग्रंथाने त्यांची दृष्टी फिरविली. व्यंकटमखीचे म्हणणे साध्या हिशेबाचे आहे: सप्तकात बारा स्वरस्थाने, षड्ज आणि पंचम अचल, रिषभ-गांधारांच्या जोड्या सहा प्रकारच्या, धैवत-निषादांच्या सहा प्रकारच्या, म्हणजे छत्तीस, आणि शुद्ध व तीव्र अशा दोन मध्यमांनी त्यांची दुप्पट केली की बहात्तर मेळ. यात नवरा नाही, बायको नाही, देवतेचे ध्यान नाही. राग कोणत्या स्वरांनी बनला आहे एवढेच विचारावयाचे आणि त्यावरून त्याचा खातेदार ठरवावयाचा.

पुढे १९०७ साली नागपूर, कलकत्ता, हैदराबाद असा फेरा झाला, आणि त्यानंतर प्रयाग, काशी, लखनौ, मथुरा, दिल्ली, जयपूर, बिकानेर असा दुसरा. बरोबर प्रश्नांची यादी असे, आणि रात्री मुक्कामावर दिवसभराच्या मुलाखतींचा मजकूर रोजनिशीत उतरे. कलकत्त्यास सर शौरींद्रमोहन टागोरांसारख्या विद्वान रईसाची गाठ पडली. बिकानेरच्या संस्थानी ग्रंथसंग्रहात जुनी हस्तलिखिते हाताळावयास मिळाली. मात्र या उलटतपासणीत साक्षीदाराविषयी सहानुभूती नेहमीच असे असे म्हणवत नाही. पंडितांच्या पोकळ पांडित्याची ते जशी हजेरी घेत, तशी अशिक्षित उस्तादांच्या अज्ञानाचीही घेत. आणि ज्याला प्रश्नाचे उत्तर शब्दांत देता येत नाही त्याला ते ठाऊकच नाही, असे मानण्याकडे त्यांचा कल होता. कोर्टात हा न्याय चालतो, पण गाण्याच्या बैठकीत अपुरा पडतो. तानपुऱ्याशी बसलेला उस्ताद एका आलापात जे सांगून जातो ते त्याने जबानीत सांगितले नाही, म्हणून ते सांगितलेच नाही असे होत नाही.

परंतु त्याच उस्तादांपुढे हा वकील शिष्य होऊन बसला, हेही त्याच लेखणीने लिहिले पाहिजे. त्या काळी चीज ही वतनासारखी जपली जाई. लेकीच्या लग्नात जावयाला आंदण म्हणून चिजा दिल्याच्या कथा आजही गवयांच्या तोंडी ऐकू येतात. अशा परिस्थितीत जयपूरचे महंमद अली खाँ कोठीवाल यांच्या पुत्रांकडून मनरंग परंपरेच्या शेकडो चिजा भातखंड्यांनी मिळविल्या आणि ध्वनिमुद्रणाच्या नव्या यंत्रावर उतरवूनही घेतल्या. रामपूरला तर त्यांनी तानसेनाच्या वंशपरंपरेतले वजीर खाँ यांचा गंडा बांधला. त्यांच्या स्वभावातला ताठा ज्यांना ठाऊक होता त्यांना या प्रसंगाचे मोल अधिक कळेल.

पुरावा जमला, आता निकालपत्र लिहावयाचे. १९१० च्या सुमारास श्रीमल्लक्ष्यसंगीतम् नावाचा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्यावर कर्त्याचे नाव होते 'चतुर पंडित'. त्याच सुमारास हिंदुस्थानी संगीतपद्धति या मराठी ग्रंथाचा पहिला भाग आला. हा ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादरूपाने लिहिलेला असून त्याचा चौथा व अखेरचा भाग १९३२ साली निघाला. गंमत अशी, की या मराठी ग्रंथातील गुरुजी पदोपदी चतुर पंडिताचे वचन आधाराला घेतात, त्याची वाखाणणी करतात, त्याचा आशय उलगडून सांगतात. आणि हे गुरुजी व तो पंडित एकच असल्याचा वाचकाला पत्ता नसतो. आपणच पूर्वी दिलेला निवाडा दुसऱ्याच्या नावाने नजीर म्हणून पुढे करणारा असा वकील दुसरा झाला नसेल! यात लबाडी कमी आणि काळाची ओळख जास्त होती, असे मी समजतो. जुन्या मतांना धक्का द्यावयाचा तर तो संस्कृत श्लोकांतूनच दिला पाहिजे, मराठी गद्याला शास्त्रीमंडळी जुमानणार नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. पण विवेचनाचा खरा ऐवज त्यांनी मराठीत ठेवला, आणि उत्तरेतल्या विद्यार्थ्यांना तो पुढे हिंदी भाषांतरातून वाचावा लागला.

त्या संस्कृत ग्रंथाच्या नावातील 'लक्ष्य' हा शब्द थोडा थांबून पाहण्याजोगा आहे. लक्षण म्हणजे ग्रंथात सांगितलेला नियम. लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष चालू असलेले गाणे. दोहोंत विरोध आला तर भातखंडे लक्ष्याच्या बाजूने कौल देतात, आणि ग्रंथातला राग आज गायला जात नसेल तर तो आदराने बाजूला ठेवतात. शास्त्राद्रूढिर्बलीयसी ही आपली जुनीच उक्ती आहे. पण त्यांच्या पिढीच्या वकिलाला ती आणखी एका वाटेने परिचित होती. रामनाडच्या दत्तकाच्या प्रकरणात १८६८ साली प्रिव्ही कौन्सिलने असा निर्णय दिला होता, की हिंदू धर्मशास्त्रात रूढीचा स्पष्ट पुरावा आला तर तो ग्रंथवचनापेक्षा वरचढ मानावा. हे सूत्र भातखंड्यांनी कायद्यातून उचलून गाण्यात आणले असे कागदोपत्री दाखविता येणार नाही. तथापि, त्यांचे ग्रंथ वाचताना त्या निकालाची आठवण मला वारंवार होते.

याच न्यायाने त्यांनी व्यंकटमखीचे बहात्तर मेळ जसेच्या तसे न घेता, उत्तरेत प्रचारात असलेल्या रागांना पुरतील एवढे दहाच थाट निवडले: कल्याण, बिलावल, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. बिलावलाचे स्वर ते शुद्ध स्वर, हेही ठरून गेले. ही व्यवस्था इतकी सुटसुटीत आहे की शाळेच्या फळ्यावर ती एका तासात लिहून होते. आणि सुटसुटीत व्यवस्थेत जे नेहमी होते ते इथेही झाले, काही खातेदार कोणत्याच खात्यावर नीट चढेनात. ललितात दोन्ही मध्यम एकमेकांच्या पाठीला पाठ लावून येतात, आणि दहांतल्या एकाही थाटात दोन मध्यमांना जागा नाही. दक्षिणेकडून पुढे आलेल्या कीरवाणी, चारुकेशी यांना तर घरच नाही. भूप आणि देशकार यांची गोष्ट याहून बोधप्रद आहे. दोहोंत स्वर तेच पाच: षड्ज, रिषभ, गांधार, पंचम, धैवत. मध्यम आणि निषाद दोघांतही नाहीत. मग केवळ स्वरांवरून थाट ओळखावयाचा कसा? तरी भूपाला त्यांनी कल्याणात घातले आणि देशकाराला बिलावलात, कारण भूपाचा जीव गांधारात असतो, देशकाराचा धैवतात. एक संध्याकाळी पूर्वांगात रमतो, दुसरा सकाळी उत्तरांगात. म्हणजे गणिताने जिथे हात टेकले तिथे या गणिती माणसाने कानाची साक्ष प्रमाण मानली. मला त्यांच्या पद्धतीतील हे सांधे तिच्या सरळ भिंतींपेक्षा अधिक मोहवितात.

श्रुतींच्या वादातही त्यांची भूमिका हीच होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नावाचे सिव्हिलियन यांनी बावीस श्रुतींची गणिते करून तशी एक पेटीच तयार करविली होती; सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तेव्हा तिच्यावरून बराच खल झाला. गळ्यातले स्वर त्या पेटीच्या काटेकोर मापात बसत नाहीत, बारा स्वर निश्चित धरावे आणि त्यांतील बारकावे रागावर व गायकावर सोडावे, या मताचे भातखंडे होते. पुढे दिल्ली, काशी, लखनौ येथे परिषदा झाल्या. ग्वाल्हेरास माधवराव शिंद्यांच्या पाठिंब्याने १९१८ साली संगीत विद्यालय निघाले, आणि लखनौस १९२६ साली गव्हर्नर मॅरिस यांच्या नावाचे कॉलेज उघडले; त्या संस्थेला पुढे भातखंड्यांचेच नाव मिळाले.

त्यांची तुलना विष्णु दिगंबर पलुसकरांशी करण्याची आपल्याकडे प्रथा आहे, आणि दोघांचे चाहते त्या तुलनेत अद्याप भांडतात. मला त्यात फारसे स्वारस्य नाही. पलुसकर मूळचे गवई. लाहोरास १९०१ साली गांधर्व महाविद्यालय काढून त्यांनी गाण्याला समाजात मान मिळवून दिला. भातखंड्यांनी गाण्याला दप्तर दिले. क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत सुमारे १८०० चिजा स्वरलिपीसह त्यांनी छापविल्या, आणि पिढ्यान् पिढ्या पेटाऱ्यात कुलूपबंद राहिलेला ऐवज थोडक्या रुपयांत कोणाही विद्यार्थ्याच्या हाती आला. काही उस्तादांना ती लूट वाटली, आणि त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. आपल्या खापरपणज्याची चीज बाजारात छापील दराने विकली जाताना पाहणे सोपे नसते. स्वतः भातखंड्यांनी 'चतुर' व 'हररंग' या मुद्रांनी बंदिशी रचल्या, त्यांत रागाचे नियम गाऊनच सांगणारी लक्षणगीतेही आहेत.

शेवटची तीन वर्षे पक्षाघाताने अंथरुणास खिळून गेली. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, मुंबईस त्यांचे देहावसान झाले. क्रमिक मालिकेचे अखेरचे दोन भाग त्यांच्या पश्चात छापून निघाले.

त्यांच्या शिष्यांत श्रीकृष्ण नारायण रातंजनकर अग्रगण्य. लखनौच्या कॉलेजाची धुरा पुढे दीर्घकाळ त्यांनीच वाहिली. भातखंड्यांच्या हाताखाली लक्षण, थाट, स्वरलिपी हे सारे या तल्लख मुलाने लहान वयातच आत्मसात केले होते. इतके झाल्यावर त्याच्या पुढील शिक्षणाची तजवीज बडोदे दरबारच्या शिष्यवृत्तीवर करण्यात आली. आणि ज्यांनी देशभर फिरून चीजन् चीज कागदावर आणली त्या भातखंड्यांचा हा पट्टशिष्य आग्रा घराण्याच्या फैयाज खाँपुढे, वही मिटून, गंडा बांधून बसला.